विश्लेषण : इराणने भारतीयांची व्हिसामाफी का थांबवली? अपहरणांशी तिचा काय संबंध?

पासपोर्ट दाखवायचा आणि तेहरानच्या इमाम खोमेनी विमानतळाबाहेर पडायचे. भारतीय पर्यटकांसाठी गेली पावणेदोन वर्षे इराणचा प्रवास इतका सोपा होता. २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलत इराणने स्थगित केली. एखादा देश व्हिसामाफी मागे घेतो तेव्हा त्यामागे बहुधा दोन सरकारांमधील कुरबूर असते. इथे तसे काही नाही. नोकरीच्या किंवा तिसऱ्या देशात पोहोचवण्याच्या आमिषाने तेहरानला नेलेल्या भारतीयांना ओलीस ठेवून त्यांच्या घरच्यांकडून खंडणी उकळण्याचे प्रकार वाढले आणि या टोळ्यांचा मुख्य आधार ही व्हिसामाफीच होती. इराणला जाण्याचा विचार असणाऱ्यांसाठी आता काय बदलले, आणि व्हिसा हाती आला तरी कोणते प्रश्न उरतात, याचा हा वेध.

निर्णय नेमका काय आहे?

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी याविषयीची सूचना प्रसिद्ध केली. २२ नोव्हेंबरपासून साधा पासपोर्ट असलेल्या भारतीयांना इराणमध्ये प्रवेश करण्यासाठी आणि इराणमार्गे पुढे जाण्यासाठीही व्हिसा लागेल, असे त्यात म्हटले आहे. यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ‘आम्हाला इराणमध्ये थांबायचेच नाही, तिथून फक्त पुढचे विमान पकडायचे आहे’ असे म्हणणाऱ्यालाही आता व्हिसा हवा. व्हिसाशिवाय प्रवास किंवा इराणमार्गे तिसऱ्या देशात पोहोचवण्याची हमी देणाऱ्या एजंटांपासून दूर राहा, असे मंत्रालयाने याच सूचनेत स्पष्टपणे सांगितले आहे. नोकरीच्या खोट्या आश्वासनांबाबतचा इशारा तर सप्टेंबर २०२५ मध्येच देण्यात आला होता.

व्हिसामाफीच्या अटी काय होत्या?

इराणने डिसेंबर २०२३ मध्ये ३३ देशांच्या नागरिकांना व्हिसामाफी जाहीर केली, त्यात भारत होता. भारतीयांसाठी ती ४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाली. अटी मोजक्या पण नेमक्या होत्या. सहा महिन्यांतून एकदाच प्रवेश, जास्तीत जास्त १५ दिवसांचा मुक्काम, त्याला मुदतवाढ नाही, प्रवेश फक्त विमानाने आणि तोही केवळ पर्यटनासाठी.

शेवटच्या दोन अटी अनेकांच्या लक्षातच आल्या नाहीत, किंवा त्या लक्षात येऊ दिल्या गेल्या नाहीत. करबलाची जियारत करून इराकमधून रस्त्याने इराणमध्ये शिरणाऱ्या भाविकाला ही माफी कधीच लागू नव्हती. त्याला व्हिसा काढावाच लागत होता. नोकरीसाठी जाणाऱ्यालाही ती लागू नव्हती. म्हणजे ‘इराणला व्हिसा लागत नाही, तिथे पोहोचलात की काम मिळेल’ असे सांगणारा एजंट पहिल्याच वाक्यात ग्राहकाला बेकायदा प्रवासी बनवत होता.

अपहरणांचे जाळे कसे चालते?

मे २०२५ मधील एका प्रकरणाने याला वाचा फुटली. पंजाबच्या संगरूर, होशियारपूर आणि शहीद भगतसिंग नगर या जिल्ह्यांतील तीन तरुण १ मे रोजी तेहरानला उतरले आणि बेपत्ता झाले. त्यांना जायचे होते ऑस्ट्रेलियाला. एजंटने दुबई आणि इराणमार्गे तिकडे पोहोचवण्याचे कबूल केले होते, इराणमध्ये राहण्याची सोयही तोच करणार होता. तरुण उतरले, गाडीत बसले आणि ओलीस झाले. घरच्यांना आलेल्या व्हिडीओंमध्ये त्यांचे हात बांधलेले होते, अंगावर जखमा होत्या. मागणी होती एक कोटी रुपयांची. इकडे पंजाबातला एजंट घर बंद करून पसार. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेहरानच्या पोलिसांनी शहराच्या दक्षिणेकडील वरामीन भागातून तिघांची सुटका केली. ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या गांधीनगर जिल्ह्यातील चौघांच्या बाबतीत जवळपास हीच कहाणी घडली. त्यांनाही ऑस्ट्रेलियाचेच स्वप्न दाखवले होते, खंडणीची मागणीही कोटींतच होती.

या घटना शेजारी ठेवल्या की पद्धत उलगडते. पहिली कडी गावातली असते. बहुधा नात्यातला किंवा ओळखीचा, ‘आपल्या अमक्याच्या मुलाला यानेच पाठवले’ अशी ख्याती असलेला माणूस. तो प्रवासाचे तुकडे पाडतो. दिल्लीहून दुबई किंवा बँकॉक, तिथून तेहरान, मग पुढे. प्रत्येक टप्प्यावर वेगळा माणूस भेटतो आणि कुणालाच संपूर्ण मार्ग माहीत नसतो. तेहरानच्या विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभा असलेला चालक ही शेवटची कडी. त्या गाडीत बसताना प्रवाशाच्या हाती परतीचे तिकीट नसते, हॉटेलचा खरा पत्ता नसतो आणि स्थानिक सिमकार्डही नसते. पासपोर्ट ‘पुढच्या व्हिसासाठी’ म्हणून आधीच मागून घेतलेला असतो.

अशा प्रवाशाला लुटणे सोपे का, याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या कहाणीत आहे. तो कागदोपत्री पर्यटक असतो, प्रत्यक्षात बेकायदा स्थलांतराच्या वाटेवर असतो. त्यामुळे पोलिसांकडे जायला तो घाबरतो. घरचेही सुरुवातीला बोलत नाहीत. दिलेले पैसे रोखीचे असतात, एजंटशी नाते असते, मुलगा सुटून पुढे पोहोचेल अशी वेडी आशा असते. त्यात इराणची बँकव्यवस्था आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे जगापासून तुटलेली. पैसे तिकडे पाठवायचे तर ते हवालासारख्या आडवाटेनेच जातात आणि त्यांचा माग काढणे जवळजवळ अशक्य होते.

व्हिसा नसणेच धोक्याचे कसे ठरले?

व्हिसा म्हणजे कटकट, असे प्रवाशाला वाटते आणि ते खोटे नाही. पण व्हिसाच्या अर्जात काही प्रश्न असतात. कशासाठी जाताय, कुठे उतरणार, किती दिवस, कोणी बोलावले आहे. उत्तरे खोटी असली तरी ती कुठेतरी लिहिली जातात. ज्याला ‘पुढे ऑस्ट्रेलियाला पाठवतो’ असे सांगितले आहे, त्याला किमान एकदा तरी या प्रश्नांसमोर थांबावे लागते. व्हिसामाफीने हा थांबा काढून टाकला. एजंटच्या दृष्टीने तेहरान हे कमी खर्चाचे, कागदपत्रे न मागणारे आणि युरोप, तुर्कस्तान, आखात या सगळ्यांच्या मध्ये असलेले शहर बनले.

दुसरी एक चाळणीही इथे नव्हती. दहावी न झालेल्या भारतीयांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असते आणि नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जायचे असेल तर त्यांना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, इराक, येमेन हे सारे त्या यादीत आहेत. इराण नाही. म्हणजे ज्या कामगाराला कुवेतला जाताना कराराची प्रत दाखवावी लागते, तो तेहरानच्या विमानात बसताना सरकारी यंत्रणेच्या नजरेतही येत नव्हता.

हे लक्षात घेतले की २२ नोव्हेंबरच्या निर्णयाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. भारतीय पर्यटकाची गैरसोय झाली हे खरे. पण ज्याच्यासाठी ही सवलत सापळा ठरत होती, त्याच्या वाटेत पुन्हा एक खिडकी आली, जिथे त्याला कोणीतरी विचारेल, ‘कुठे निघालात?’

जुन्या कागदपत्रांत प्रवासाच्या परवानगीला ‘राहदारी’ म्हणत आणि लेखी परवानगीला ‘परवाना’. दोन्ही शब्द मराठीत आले ते फारसीतून, म्हणजे इराणच्याच भाषेतून.

आता व्हिसा कसा मिळतो?

इराणच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करावा लागतो. अर्ज मान्य झाला की मंजुरीचा क्रमांक येतो आणि त्याआधारे इराणच्या वकिलातीतून व्हिसा घेता येतो. दिल्लीत इराणचा दूतावास आहे, तर मुंबई आणि हैदराबादमध्ये वाणिज्य दूतावास आहेत. मुंबईत ही सोय असल्याने महाराष्ट्रातल्या प्रवाशाला दिल्लीच्या मध्यस्थाची गरज नाही. अर्ज स्वतः भरता येतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी आणि इराणमध्ये लागू असलेला प्रवास विमा हवा.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवास सुरक्षित का?

नाही. व्हिसा म्हणजे एका सरकारची ‘या’ अशी परवानगी. आल्यावर काय होईल याची ती हमी नव्हे. इराणच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

फ्रान्सचे एक शिक्षक जोडपे पर्यटक म्हणून इराणला गेले आणि मे २०२२ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. त्यांना तुरुंगाबाहेर पडायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. मोटारसायकलवरून जगभ्रमणाला निघालेले एक ब्रिटिश दाम्पत्य जानेवारी २०२५ मध्ये इराणमध्ये अटकेत गेले, आरोप तोच. या सगळ्यांकडे वैध व्हिसा होता. पाश्चात्त्य देशांचा आरोप असा की इराण परदेशी नागरिकांना राजनैतिक सौदेबाजीसाठी अडकवून ठेवतो. इराण हे नाकारतो. भारताशी इराणचे संबंध तसे ताणलेले नाहीत, चाबहार बंदराचा प्रकल्प दोन्ही देशांना हवा आहे आणि भारतीय पर्यटकांना सौदेबाजीसाठी पकडल्याचा नमुना दिसत नाही. तरीही कायदा सर्वांना सारखाच लागू आहे. जून २०२५ च्या युद्धानंतर तिथले हेरगिरीविरोधी कायदे आणखी कडक करण्यात आले. लष्करी तळ, अणुकेंद्रे, पोलिसांच्या गाड्या, निदर्शने यांचे फोटो काढणे, ड्रोन किंवा सॅटेलाइट फोन बाळगणे हे केवळ नियमभंग ठरत नाही, त्यातून गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो. महामार्गावरून दिसणारी प्रत्येक भिंत ही पर्यटनस्थळाची असतेच असे नाही, आणि नतान्झचा अणुप्रकल्प काशान-इस्फहान या पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेजवळच आहे.

महिला प्रवाशांसाठी केस झाकण्याचा नियम परदेशींनाही लागू आहे. महसा अमिनी या तरुणीचा सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि देशभर आंदोलन पेटले. त्यानंतर तेहरानच्या रस्त्यांवर डोके न झाकणाऱ्या स्त्रिया सर्रास दिसू लागल्या. मात्र कायदा रद्द झालेला नाही. रस्त्यावर काय चालते आणि कायद्यात काय लिहिले आहे, यातले अंतर स्थानिक स्त्रिया स्वतःच्या जोखमीवर ओळखतात. आठ दिवसांसाठी गेलेल्या पाहुण्याला ते ओळखता येत नाही.

अटक झालीच तर? १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाला विनाविलंब कळवण्याची मागणी करता येते. भारताचा तेहरानमध्ये दूतावास आहे, बंदर अब्बास आणि झाहेदान येथे वाणिज्य दूतावास आहेत. दूतावासाचे अधिकारी भेटू शकतात, वकिलांची नावे देऊ शकतात, घरी निरोप पोहोचवू शकतात. ते जामीन भरत नाहीत आणि खटला थांबवू शकत नाहीत. आणि एक बारीक पण निर्णायक मुद्दा: ज्या मराठी माणसाने ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी भारताचा दूतावास त्याच्यासाठी हा हक्क मागू शकत नाही. तो तिथे ज्या पासपोर्टवर गेला, त्या देशाचा नागरिक असतो.

युद्ध पेटले तर बाहेर कसे पडायचे?

१३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले आणि त्याच दिवशी इराणचे आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले. त्या वेळी इराणमध्ये सुमारे दहा हजार भारतीय होते. त्यात काश्मीरमधील वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती, शिवाय भाविक, व्यावसायिक आणि खलाशी होते. तेहरानमधील विद्यार्थ्यांना आधी शहराबाहेर, कोमकडे हलवण्यात आले. उर्मिया येथील ११० विद्यार्थी रस्त्याने आर्मेनियात गेले आणि येरेव्हानहून विमानाने १९ जूनला पहाटे दिल्लीत उतरले. ‘ऑपरेशन सिंधू’ची ही पहिली तुकडी. पुढे काहींना तुर्कमेनिस्तानमधील अश्गाबातमार्गे आणले गेले. दरम्यान इराणने भारतासाठी आपले आकाश अपवाद म्हणून खुले केले आणि मशहदहून विशेष विमाने सुटली. २४ जूनला शस्त्रसंधी झाली. इराणमधून ३,५९७ आणि इस्रायलमधून ८१८, असे एकूण ४,४१५ भारतीय या मोहिमेत परतले.

आकड्यांपेक्षा त्या दिवसांचा क्रम अधिक शिकवतो. विमाने बंद झाली की उरतात त्या जमिनीवरच्या सीमा, आणि प्रत्येक सीमेपलीकडे दुसरा देश असतो, त्याचे स्वतःचे व्हिसाचे नियम असतात. आर्मेनिया आणि तुर्कमेनिस्तान यांनी भारतीयांना येऊ दिले, कारण दिल्लीने त्यांच्या सरकारांशी बोलणी केली. तुर्कमेनिस्तान हा तर एरवी व्हिसा देण्यात जगातल्या सर्वांत कंजूष देशांपैकी एक. एकट्या प्रवाशाला ही दारे अशी उघडत नाहीत. ज्यांची नावे दूतावासाकडे होती, ज्यांचे फोन लागत होते, त्यांना बसमध्ये जागा मिळणे सोपे गेले. पण त्याच काळात इराणमधील इंटरनेट जवळजवळ ठप्प झाले होते. घरच्यांचे फोन लागत नव्हते आणि दूतावासाच्या सूचना व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर येत होत्या.

म्हणूनच इराणला पोहोचल्यावर दूतावासाकडे नाव नोंदवणे ही औपचारिकता समजू नये. पत्ता, स्थानिक क्रमांक, भारतातील नातेवाइकाचा क्रमांक आणि परतीची तारीख इतकी माहिती पुरते. पासपोर्टची प्रत घरी कुणाकडे तरी ठेवावी, दूतावासाचे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत. फोन बंद पडल्यावर फोनमध्ये साठवलेला क्रमांक कुणाच्याच कामाचा नसतो.

विम्याचाही इथे विचार करावा लागतो. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये युद्धामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. सरकारने ‘जाऊ नका’ असे सांगितलेल्या काळात केलेल्या प्रवासाचा दावाही अनेकदा नाकारला जातो. निर्बंध असलेल्या देशांविषयी वेगळे कलम असू शकते. व्हिसासाठी लागतो म्हणून घेतलेला विमा आणि अडचणीत उपयोगी पडणारा विमा, हे दोन्ही एकच आहेत का, हे पॉलिसी वाचूनच कळते.

कार्ड चालते का?

चालत नाही. व्हिसा, मास्टरकार्ड यांची आंतरराष्ट्रीय कार्डे इराणमध्ये निरुपयोगी आहेत, भारतीय बँकांची एटीएम कार्डेही. पैसे संपले तर घरून मागवण्याचा सरळ मार्ग नाही. म्हणून सगळा खर्च रोख डॉलर किंवा युरोमध्ये सोबत न्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेलाही हे ठाऊक आहे. परदेशी जाणाऱ्या भारतीयाला एरवी एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच रोख परकीय चलन मिळते. पण इराण, रशिया आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातील देशांना जाणाऱ्यांना संपूर्ण रक्कम रोख घेता येते. तिथे गेल्यावर आणखी एक गोंधळ: नोटांवर रियाल लिहिलेले असते, दुकानदार किंमत सांगतो तोमानमध्ये. एक तोमान म्हणजे दहा रियाल. पहिल्याच दिवशी दहापट पैसे देऊन बसलेले पर्यटक कमी नाहीत.

इराणला गेल्याची नोंद पुढे अडचणीची ठरते का?

ही शंका जवळजवळ प्रत्येक प्रवाशाच्या मनात असते, विशेषतः ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्या. इराणचा व्हिसा आता साधारणपणे वेगळ्या कागदावर मिळतो आणि पासपोर्टवर शिक्का मारला जात नाही. त्यामुळे ‘कुणाला कळणार नाही’ असा सल्ला सहज दिला जातो. तो वाईट सल्ला आहे. अमेरिकेच्या व्हिसासाठीच्या डीएस-१६० अर्जात गेल्या पाच वर्षांत कोणत्या देशांत गेला होतात, असा थेट प्रश्न आहे. इराणला जाऊन आलेल्या भारतीयाला केवळ त्या कारणाने व्हिसा नाकारला जातो असा नियम नाही. अधिक प्रश्न विचारले जातील, कदाचित वेळ लागेल. खोटे उत्तर सापडले, तर मात्र कायमची बंदी येऊ शकते.

युरोपीय, ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट घेतलेल्या अनिवासी मराठी मंडळींसाठी परिणाम अधिक ठोस आहे. त्यांना एरवी अमेरिकेत व्हिसाशिवाय, ‘एस्टा’ या ऑनलाइन परवानगीवर जाता येते. १ मार्च २०११ नंतर इराणला भेट दिली असेल, तर २०१५ च्या अमेरिकी कायद्यानुसार ही सोय संपते. अमेरिका बंद होत नाही, पण वकिलातीत जाऊन रीतसर व्हिसा घ्यावा लागतो, आणि तोही यापुढे नेहमीच.

उलट दिशेचा नियम आणखी कडक आहे. इस्रायलला गेल्याचा पुरावा पासपोर्टवर दिसला तर इराण प्रवेश नाकारतो. इस्रायल २०१३ पासून शिक्क्याऐवजी सुटा कागद देतो. पण इस्रायलला लागून असलेल्या जॉर्डन किंवा इजिप्तच्या सीमाचौकीचा शिक्का पासपोर्टवर उमटला असेल, तर तो सगळे सांगून जातो. जेरुसलेम आणि बेथलेहेमच्या यात्रेला जाणारे वसईचे किंवा गोव्याचे ख्रिस्ती भाविक अनेकदा याच मार्गाने जातात. त्यांच्यासाठी हा तपशील क्षुल्लक नाही.

महाराष्ट्रातील कोणावर परिणाम?

मुंबईचे इराणशी नाते व्यापाराहून जुने आणि घरगुती आहे. यझ्द आणि करमान भागातून आलेल्या इराणी झरतुष्ट्रींनी शहरातल्या कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची दुकाने थाटली. त्यांचे वंशज आणि पारशी आजही यझ्दच्या आतश बेहरामच्या आणि डोंगरातल्या पीर-ए-सब्जच्या दर्शनाला जातात. डोंगरी, मुंब्रा येथील शिया कुटुंबे मशहद आणि कोमला जातात. या यात्रा बहुधा गटाने होतात, आयोजक ठरलेले असतात आणि व्हिसामाफीच्या आधीही त्या व्हिसा काढूनच होत असत. त्यांच्यासाठी हा निर्णय म्हणजे खर्च आणि काही आठवड्यांची आगाऊ तयारी, त्याहून फारसे नाही.

खरी काळजी आहे ती जहाजावर नोकरी शोधणाऱ्या तरुणांची. कोकणातून, मुंबईतून, मराठवाड्यातूनही मुले प्रशिक्षणाचे लाखो रुपये भरून सीडीसी मिळवतात आणि पहिल्या जहाजासाठी वर्षानुवर्षे थांबतात. या प्रतीक्षेवरच बोगस एजंट जगतात. ‘इराणमध्ये जहाज तयार आहे, पर्यटक म्हणून जा, तिथे करार करू’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. फेब्रुवारी २०२० मध्ये पाच भारतीय खलाशांना, त्यात मुंबईचे तरुण होते, अमली पदार्थांच्या तस्करीच्या आरोपाखाली इराणमध्ये अटक झाली. जहाजात काय चढवले जात आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. वर्षभर चाबहारच्या तुरुंगात काढल्यावर २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले, पण पासपोर्ट हाती नसल्याने सुटल्यानंतरही तिथेच अडकून पडले. आई-वडील मुंबईत एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात खेटे घालत राहिले.

कायदेशीर नोकरीतही जोखीम असते. १३ एप्रिल २०२४ रोजी ‘एमएससी एरीस’ हे मालवाहू जहाज इराणच्या दलांनी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ताब्यात घेतले, तेव्हा त्यावरील २५ कर्मचाऱ्यांपैकी १७ भारतीय होते. फरक असा की त्यांच्या नावांची यादी पहिल्याच दिवशी दिल्लीकडे होती, मागे मालक कंपनी होती, विमा होता. पाचव्या दिवशी एक जण परतली, पुढच्या महिन्यात आणखी पाच जण सुटले. बोगस एजंटने पर्यटक म्हणून पाठवलेल्या मुलाचे नाव मात्र कुठल्याच यादीत नसते.

खलाशांच्या भरतीसाठी एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मुख्यालय मुंबईतच आहे. या एजंटांना खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेता येत नाहीत. जमिनीवरच्या नोकऱ्यांसाठी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे आणि त्यांच्या शुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकी आहे. पंजाबात, गुजरातेत ज्यांची घरे गहाण पडली, त्यांच्याकडून घेतलेल्या रकमा याच्या कित्येक पट होत्या. मुलगा आधीच इराणमध्ये असेल आणि संपर्क तुटला असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्यात एजंटविरुद्ध तक्रार आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद, ही दोन्ही कामे त्याच दिवशी करावी लागतात. पंजाबच्या तिघांची सुटका झाली ती नातेवाइकांनी तक्रार केल्यावर आणि भारतीय दूतावासाने तेहरानच्या पोलिसांकडे पाठपुरावा केल्यावर.